राग आला? काढा नवा डेस्कटॉप!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. त्यांच्या मालकांपैकी काहीजण आता लिनक्सच्या दारात उभे आहेत आणि दारातच त्यांना प्रश्न पडलाय: हे केडीई, ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन म्हणजे नक्की काय? आणि एवढे कशाला?

काय, ते पटकन सांगून टाकू. खिडक्या, पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज हा जो डोळ्यांना दिसणारा सगळा संसार, त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोजमध्ये जे मिळालं ते गोड मानून घ्यायचं असतं. लिनक्सवर हा भाग खालच्या यंत्रणेपासून सुटा असतो. एकाच मशीनवर तीन-चार डेस्कटॉप सुखाने नांदतात आणि लॉगिन करताना आज कुठला हवा ते आपण सांगायचं. फाइली, फोटो, फायरफॉक्स सगळं जिथल्या तिथे राहतं.

एवढे कशाला, याचं उत्तर जास्त मजेदार आहे. यातला जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप कुणीतरी चिडल्यामुळे जन्माला आला. कुणी लायसन्सवर चिडलं, कुणी गायब झालेल्या बटणावर. कुणी कंपनीच्या नकारावर. आणि चिडलेल्या माणसाने तक्रारअर्ज न लिहिता सरळ कोड लिहिला.

तारीख तीच, साल वेगळं

ती १४ ऑक्टोबरची गंमत आधी. बरोबर त्याच तारखेला, पण १९९६ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातला माथियास एट्रिश नावाचा विद्यार्थी वैतागला होता. लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसायचा आणि वेगळा वागायचा; एकाचा स्क्रोलबार इकडे, दुसऱ्याचा मेनू तिकडे. त्याने युजनेट या तेव्हाच्या चर्चामंचावर लांबलचक संदेश टाकला: साध्या माणसाला झेपेल असा एकसंध डेस्कटॉप करूया, कोण कोण येतंय? आले बरेच जण. केडीईचा जन्म तो हाच. म्हणजे विंडोज १० ने निरोप घेतला तो केडीईच्या वाढदिवशी. केडीईवाल्यांनीही योगायोग वाया घालवला नाही. विंडोज १० मधून 'हद्दपार' झालेल्यांसाठी त्यांनी खास मोहीम काढली.

त्या काळी महागड्या युनिक्स मशीनांवर सीडीई नावाचा डेस्कटॉप असे, एचपी, आयबीएम, सन अशा बड्या कंपन्यांनी मिळून बांधलेला. एट्रिशने सी खोडून तिथे के लिहिला. के म्हणजे म्हणे 'कूल'. पुढे 'कूल' गळून पडलं, के मात्र असा चिकटला की टर्मिनल झालं 'कोन्सोल', एडिटर झाला 'केट', कॅल्क्युलेटर 'केकॅल्क'. बड्या कंपन्यांचा सीडीई मात्र २०१२ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर झाला. तोवर त्याची फारशी गरज कुणाला उरली नव्हती. एट्रिशला २००९ मध्ये जर्मनीचा 'ऑर्डर ऑफ मेरिट' सन्मान मिळाला. वैतागाचं एवढं चीज क्वचित होतं.

मेक्सिकोचं प्रत्युत्तर

केडीई ज्या क्यूटी नावाच्या टूलकिटवर (बटणं-मेनू काढायच्या साधनांच्या संचावर) उभा होता, ते नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं. वापरायला फुकट, पण हवं तसं बदलून वाटायची मुभा नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या सोवळ्यातल्या मंडळींना हे मुळीच खपेना. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी वेगळी चूल मांडली, ती ग्नोमची.

त्यांनाही टूलकिट हवंच होतं. ते त्यांनी घेतलं फोटो सजवायच्या प्रोग्राममधून! जिम्प हा चित्र-संपादक बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला होता आणि त्याची बटणं-मेनू काढण्यासाठी स्वतःचं टूलकिट घडवलं होतं: जिम्प टूलकिट, म्हणजेच जीटीके. आज ग्नोम, एक्सएफसीई, माटे, सिनॅमन हे सगळे त्याच्याच जिवावर चालतात.

आता खरी गोम. सन २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, पूर्ण मुक्त झालं. भांडणाचं कारणच संपलं. पण भांडण? पाव शतक झालं, दोन्ही घरं वेगळीच आहेत.

तुमच्या क्रोममध्ये लपलेला केडीई

'मी कधी केडीई वापरला नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी हा मजकूर. केडीईचा स्वतःचा एक ब्राउझर होता, कॉन्करर. नावातली टोचणी ओळखा: आधी नेव्हिगेटर आला, मग एक्सप्लोरर आला, आणि आता जिंकायला कोण, तर कॉन्करर! प्रत्यक्षात बाजारपेठ वगैरे त्याने काही जिंकली नाही. पण त्याच्या पोटातलं वेबपान रंगवणारं इंजिन, केएचटीएमएल, फार सुटसुटीत लिहिलेलं होतं.

जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला, आणि कळलं की कंपनीने गाजावाजा न करता हेच इंजिन उचलून त्यावर काम चालवलं होतं. केडीईवाले आधी हरखले, मग वैतागले, कारण ॲपलचे बदल परत आपल्या कोडमध्ये बसवणं महाकर्मकठीण निघालं. त्यातून पुढे वेबकिट उभं राहिलं. गुगलने २००८ चा क्रोम वेबकिटवर बांधला, २०१३ मध्ये त्याची फांदी तोडून ब्लिंक केलं. मायक्रोसॉफ्टनेही अखेर आपलं इंजिन सोडून एज ब्राउझर त्याच खोडावर आणला. आयफोन असो, अँड्रॉइड असो, ऑफिसातला विंडोज असो, आज जगातली बहुतेक वेबपानं उलगडतात ती कॉन्कररच्या वंशजांतून.

पुरावा हवा? क्रोम प्रत्येक वेबसाइटला आपली ओळख म्हणून एक ओळ पाठवतो. त्या ओळीत 'केएचटीएमएल' ही अक्षरं आजही आहेत.

२०११ चे घाऊक रुसवेफुगवे

लिनक्सच्या इतिहासात एकाच वर्षी इतकी माणसं एकदम चिडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला. खालची पट्टी गेली. खिडकीवरची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझची बटणं गेली. डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले. ज्यांचं बोट गेली कित्येक वर्षं ठरलेल्या कोपऱ्यात जात होतं, ते रिकाम्या जागी क्लिक करत बसले.

मग काय, ज्याने त्याने आपापल्या परीने राग काढला.

अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोम २ चा सगळा कोड उचलला आणि त्याला माटे असं तिकडच्या लाडक्या पेयाचं नाव दिलं. दक्षिण अमेरिकेत माटे हा हिरवा काढा दिवसभर चालतो. नव्या घरात जुनी नावं चालणार नव्हती, म्हणून कितीतरी प्रोग्रामांचं स्पॅनिशमध्ये बारसं झालं. फाइल मॅनेजर झाला 'काहा', म्हणजे पेटी. एडिटर झाला 'प्लुमा', म्हणजे लेखणी. मराठी माणसाने केला असता तर 'चहा डेस्कटॉप' झाला असता आणि फाइल मॅनेजरचं नाव 'ट्रंक' पडलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

लिनक्स मिंटच्या क्लेमेंट लफेव्हरने वेगळा मार्ग धरला: तळाला नवा ग्नोम ठेवायचा, पण वर चेहरा ओळखीचा द्यायचा. तो सिनॅमन. ग्नोमचा फाइल मॅनेजर होता नॉटिलस, त्यावरून मिंटने बेतलेल्याचं नाव नेमो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या पाणबुडीचा कप्तान! चिडले होते, तरी विनोदबुद्धी शाबूत होती.

सगळ्यात गाजला तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा राग. या गृहस्थांचं डेस्कटॉपचं बिऱ्हाड कायम पाठीवर. २००५ मध्ये ग्नोमला नावं ठेवून लोकांना केडीई वापरायला सांगत होते. २००८ मध्ये केडीई ४ अर्धाकच्चा बाहेर पडला, तेव्हा संतापून ग्नोमकडे गेले. २०११ मध्ये ग्नोम ३ बघून उठले ते थेट एक्सएफसीईत. २०१३ पर्यंत परत ग्नोममध्ये. कर्नल लिहिणाऱ्यालाच मनासारखा डेस्कटॉप मिळेना, तिथे आपण नवशिक्यांनी 'मला कुठला बरा?' म्हणून गोंधळलो तर त्यात लाज कसली?

केडीई ४ वर चिडलेल्यांनीही आपलं वेगळं केलंच: जुना केडीई ३.५ 'ट्रिनिटी' या नावाने ते आजतागायत जपून आहेत. ज्यांना २००५ सालचा कॉम्प्युटर नव्या यंत्रावर हवाय, त्यांच्यासाठी.

नकाराचा सूड (गोड)

एक्सएफसीईची गोष्ट लहान, पण माझ्या आवडीची. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूरदाँने नव्वदच्या दशकात तो एकहाती सुरू केला. आपलं काम रेड हॅट लिनक्समध्ये घ्यावं म्हणून त्याने विचारलं, तर नकार आला, कारण खालचं एक्सफॉर्म्स टूलकिट मुक्त नव्हतं. पठ्ठ्याने सगळा डेस्कटॉप जीटीकेवर पुन्हा लिहून काढला. नावातला एक्सएफ हा त्या एक्सफॉर्म्सचाच. टूलकिट गेलं, अक्षरं राहिली, आता त्यांचा अर्थ काहीच नाही. आणि फूरदाँ? पुढे नोकरीला लागला तो रेड हॅटमध्येच.

मासा सोडा

ग्नोम २ च्या पट्टीवर वांडा नावाचा एक मासा ठेवता यायचा. काम? काही नाही. क्लिक केलं की एखादं सुभाषित सुनवायचा. पण ऑल्ट आणि एफ२ दाबून जी चौकट उघडते तिच्यात इंग्रजीत 'फ्री द फिश' असं टाइप केलं की मासा सुटायचा आणि स्क्रीनभर पोहत राहायचा. पकडायला जावं तर सुळकन निसटायचा. त्याच चौकटीत 'गेगल्स फ्रॉम आउटर स्पेस' लिहिलं तर आक्रमक परग्रहवासीयांचा अख्खा खेळ उघडायचा. ग्नोमने पुढे शिस्तीत मासा काढून टाकला. माटेने ग्नोम २ चा कोड उचलला, तेव्हा त्यातून मासाही आला. माटे लावलाच तर आधी हे करून बघा, वॉलपेपर नंतर बदला.

प्रलय, आणि मग मोक्ष

एन्लायटनमेंट हा देखण्या डेस्कटॉपचा महागुरू. कार्स्टन हाइट्झलर, ऊर्फ 'रास्टरमन', याने १९९७ च्या सुमारास तो सुरू केला. सोळावी आवृत्ती २००० मध्ये आली. सतरावी 'लवकरच' येणार होती. हे 'लवकरच' बारा वर्षं चाललं. अखेर ती आली २१ डिसेंबर २०१२ ला, म्हणजे माया संस्कृतीच्या पंचांगाचा हवाला देऊन जगबुडी होणार म्हणून टीव्हीवाहिन्यांनी धुरळा उडवला होता, नेमकी त्या दिवशी. जग बुडालं नाही. सतरावी आवृत्तीही चालली.

पुढचं आपल्या घरचं. 'बोधी' नावाच्या लिनक्सला सतरावी आवृत्ती फार आवडली आणि नंतरच्या आवृत्त्या पसंत पडेनात. मग त्यांनी सतराव्याचीच वेगळी शाखा केली, आणि नाव ठेवलं 'मोक्ष'. एन्लायटनमेंट, बोधी, मोक्ष! अमेरिकेत सुरू झालेल्या एका लिनक्सने आपली अख्खी अध्यात्मपर पुस्तकांची फळी एका लॉगिन स्क्रीनवर आणली. आणि हा मोक्ष जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवरही मिळतो, अगदी कमी मेमरीत.

बटणं डावीकडे गेली, परत आली

एप्रिल २०१० मध्ये उबुंटू नावाच्या लिनक्सने खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून उचलून डाव्या कोपऱ्यात नेलं. त्यावरून झालेली वादावादी पाहिली असती तर एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेलाही धीर आला असता. पुढच्या वर्षी ग्नोम ३ ऐवजी त्यांनी आपला युनिटी आणला, डाव्या कडेला उभी पट्टी असलेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये तर कळस झाला: आपल्याच कॉम्प्युटरवर आपली फाइल शोधायला जावं, तर यादीत ॲमेझॉनवरच्या वस्तू विक्रीला हजर. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमननी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. पुढे हा प्रकार बंद झाला. एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूच्या मार्क शटलवर्थनी युनिटीच बंद केला, उबुंटू ग्नोमकडे परतला आणि बटणं पुन्हा उजवीकडे गेली.

गंमत म्हणजे तोवर लोकांना युनिटी आवडायला लागला होता! २०२० मध्ये भारतातल्या एका शाळकरी मुलाने 'उबुंटू युनिटी' नावाने तो पुन्हा उभा केला, आणि २०२२ मध्ये उबुंटूने त्याला अधिकृत भावंडांत जागा दिली. कंपनीने टाकलेला डेस्कटॉप दप्तरवाल्याने उचलला.

रायगडातलं खैरात आणि पुण्याचं सीओईपी

मुलांच्या हाती स्वस्त लॅपटॉप देणारी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही निकोलस नेग्रोपाँटे यांची योजना आठवते? हिरवा-पांढरा, कानांसारख्या अँटेना असलेला लॅपटॉप. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो रायगड जिल्ह्यातल्या खैरात नावाच्या छोट्याशा गावातल्या एकशिक्षकी शाळेत.

त्या लॅपटॉपवर शुगर नावाचा डेस्कटॉप होता आणि मला विचाराल तर या सगळ्या यादीत सर्वांत धीट कल्पना त्याचीच. डेस्कटॉप म्हणजे 'टेबलाचा वरचा भाग' ही कल्पनाच त्याने फेकून दिली, कारण ज्या मुलाने ऑफिसचं टेबल पाहिलं नाही त्याला फाइल आणि फोल्डरचं काय? मधोमध ते मूल, म्हणजे त्याची दोन रंगांतली छोटी आकृती. भोवती कड्यासारखी मांडलेली कामं. फोल्डर नाहीत, जे केलं ते तारीखवार रोजनिशीत आपोआप जमा. एक पाऊल मागे गेलं की मित्र दिसतात, आणखी मागे गेलं की नेटवर्कवरची आजूबाजूची सगळी मुलं, आणि त्यांना आपल्या चित्रात किंवा लेखनात सामील करून घेता येतं. लॅपटॉप इतिहासजमा झाले, शुगर अजून आहे. फेडोरा लिनक्सची 'शुगर ऑन अ स्टिक' आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालते. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर सुट्टीत दाखवून बघाच.

पुण्याचंही नाव यात आहे. केडीईच्या भारतीय मंडळींची परिषद फेब्रुवारी २०२४ मध्ये भरली ती सीओईपीत. आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास चीज: लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी शोधलंत तर इनस्क्रिप्टच्या जोडीला 'मराठी, कगप, फोनेटिक' असा एक पर्याय सापडतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. उच्चाराप्रमाणे मराठी उमटवणारा हा लेआउट शेजाऱ्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. सीमाप्रश्नाचा इथे संबंध नाही, वापरायला बिनघोर आहे.

चुटकीसरशी

ग्नोमच्या आवृत्त्यांना त्यांच्या संमेलनांच्या शहरांची नावं मिळतात. ३.२० ला दिल्ली, ४६ ला काठमांडू, ४८ ला बेंगळुरू. मुंबई-पुणे अजून रांगेत.

मध्ये ग्नोमने मोजणीच सोडली होती: ३.३८ नंतर एकदम ४०. 'चार' म्हटलं तर २०११ सारखा पुन्हा सगळं उलथून टाकणारा बदल आला असं लोकांना वाटेल, ही धास्ती.

डेबियन लिनक्सने २०१२ मध्ये काही काळ ग्नोम काढून एक्सएफसीई मुख्य केला. एक कारण ऐकाल तर हसाल: ग्नोम एका सीडीत मावेना.

उत्तर कोरियाची सरकारी लिनक्स, रेड स्टार, केडीईवर बेतलेली. एक आवृत्ती विंडोज एक्सपीसारखी दिसायची, नंतरची मॅकसारखी. देश बंद, पण फॅशनवर लक्ष.

स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर डेस्कटॉप मोडमध्ये नेलात की समोर केडीईचा आजचा डेस्कटॉप, प्लाझ्मा, येतो. गेम खेळणाऱ्या कितीजणांनी नकळत लिनक्स वापरला, देव जाणे.

प्लाझ्मात माउसचा बाण हरवला तर माउस गदागदा हलवा, बाण मोठा होतो. हलवत राहा, आणखी मोठा होतो. चष्मेवाल्यांनी आभार मानावेत असं दुसरं काही गेल्या काही वर्षांत कुणी केलेलं नाही.

डीडब्ल्यूएम या फक्त खिडक्या मांडणाऱ्या चिमुकल्या विंडो मॅनेजरच्या कर्त्यांनी दोन हजार ओळींच्या वर जायचं नाही असा पण केला. सेटिंग्जची खिडकी? नाही. रंग बदलायचा तर सोर्स कोड बदलून पुन्हा कंपाइल करायचा.

एफव्हीडब्ल्यूएम हा १९९३ पासूनचा विंडो मॅनेजर. यातला एफ कशाचा, हे त्याच्या कर्त्यालाही आठवेना, तेव्हा प्रकल्पवाल्यांनी संभाव्य अर्थांची यादीच देऊन टाकली.

सगळ्या डेस्कटॉपांखालची जुनी यंत्रणा, एक्स ११, सप्टेंबर १९८७ ची. तिची जागा घेणाऱ्या वेलँडचं नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. वेलँडचा कर्ता क्रिस्टियन होग्सबर्ग त्या गावातून गाडीने जात असताना त्याला ही कल्पना सुचली. शेजारच्या वेस्टन गावाचं नावही एका प्रोग्रामला देऊन टाकलं.

आता तुमची पाळी

फॉरमॅट करायची गरज नाही. काहीही न पुसता बघायचं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह करा. व्हेंटॉय नावाचं साधन वापरलंत तर एकाच पेनड्राइव्हवर कुबुंटू (केडीईवालं उबुंटू), झुबुंटू (एक्सएफसीईवालं), मिंट अशा हव्या तितक्या आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. कॉम्प्युटर सुरू करताना यादीतून एक निवडायची. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं मंद चालतं, त्यावरून डेस्कटॉपला आळशी ठरवू नका.

लिनक्स आधीपासून असेल तर मामला आणखी सोपा. सॉफ्टवेअर सेंटरमधून किंवा टर्मिनलमधून दुसरा डेस्कटॉप इन्स्टॉल करा आणि लॉगआउट व्हा. लॉगिनच्या पडद्यावर आपलं नाव निवडलं की कोपऱ्यात एक दातेरी चाक दिसतं (मिंटमध्ये नावाशेजारी छोटं चिन्ह), त्यावर क्लिक केलं की यादी. ही यादी येते कुठून? सिस्टीमच्या एका फोल्डरमध्ये प्रत्येक डेस्कटॉपची एकेक छोटी मजकुराची फाइल असते, बस्स. तिथे स्वतःची फाइल टाकून डेस्कटॉपऐवजी फक्त ब्राउझर उघडेल असं लॉगिनही करता येतं. ग्रंथालयात किंवा माहिती केंद्रात ठेवायच्या कॉम्प्युटरला ही युक्ती झकास.

इन्स्टॉल होताना मध्येच एक निळा-करडा पडदा येऊन विचारतो: जीडीएम३ हवा की लाइटडीएम? घाबरून लॅपटॉपचं झाकण मिटू नका. लॉगिनचा पडदा कुणी दाखवायचा एवढाच तो प्रश्न आहे. आधीचाच ठेवा, हवा तर मागाहून बदलता येतो.

दोन खबरदाऱ्या मात्र खरंच घ्या. पहिली, नव्या डेस्कटॉपसाठी वेगळं युजर खातं काढा. सगळे डेस्कटॉप आपल्या आवडीनिवडी तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींत लिहितात आणि एकाची थीम दुसऱ्याच्या अंगावर चढून रंग, फॉन्ट, आयकॉन यांची खिचडी होते. दुसरी, प्रयोगाआधी टाइमशिफ्ट नावाच्या साधनाने सिस्टीमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवा. इन्स्टॉल करणं एका ओळीचं काम, काढणं तसं नाही: प्रत्येक डेस्कटॉप आपलं सगळं खटलं घेऊन येतो आणि मेनूत लग्नात आहेर म्हणून आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांसारखे तीन कॅल्क्युलेटर, चार एडिटर, दोन टर्मिनल जमा होतात. ते काढायला गेल्यावर टर्मिनल जी लांबलचक यादी दाखवतं ती वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. यादीत तुमच्या मूळ डेस्कटॉपचं नाव दिसलं तर मुकाट्याने 'एन'.

कुठला घ्यावा? विंडोजची सवय हाडीमाशी असेल तर सिनॅमन. सतत काहीतरी हलवत, रंगवत, बदलत बसायची खोड असेल तर प्लाझ्मा. त्याच्या सेटिंग्जमध्ये रविवार कसा जातो कळत नाही. टचपॅडवर बोटं फिरवणाऱ्यांनी ग्नोमला संधी द्यावी. सुरुवातीला हट्टी वाटतो, पण सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबायची सवय लागली की उरलेले डेस्कटॉप गलका करतायत असं वाटतं. २०११ चे शिव्याशाप त्याला आता लागू नाहीत. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप कपाटात पडला असेल तर त्यावर एक्सएफसीई टाका. दाखवायला त्यात फार काही नाही, नवी आवृत्ती यायला वर्षं लागतात आणि आली तरी बटणं जिथे होती तिथेच सापडतात. घरातल्या ज्येष्ठांना द्यायचा असेल तर हाच द्या, आणि देण्याआधी अक्षरांचा आकार वाढवून ठेवा.